शांत यादी

थोरल्यांचं नाव घ्यायला मला कायद्यानं बंदी आहे, म्हणून मी त्यांना थोरले म्हणते. दहशतवाद मोडून काढायला ज्या बलाढ्य देशाशी आपण सहकार्याचा करार केला, ते हे थोरले. नाव घेतलं तर सात वर्षं, नाही घेतलं तर पाच, असं माझा वकील सांगतो. दोन वर्षं वाचत असतील तर वाचू देत. बाकी काही वाचवायची हौस आता मला राहिलेली नाही.

मी प्रांजल वाघे. नवापाजच्या कोळीवाड्यातली माहेरवाशीण, आणि सहा वर्षं सागरी श्रवण केंद्रात ध्वनितज्ज्ञ. माझं काम समुद्र ऐकण्याचं. म्हणजे कागदावर तरी तसंच होतं.

२०३७ साली समुद्रातून हल्ला झाला आणि वर्षाच्या आत तो करार झाला. आपल्या किनाऱ्याला समांतर, तळाच्या चिखलात, काचेच्या धाग्याची केबल टाकली गेली. तशीच, जशी तुमच्या घरात इंटरनेट आणते. त्या काचेत एका टोकानं लेसरचा झोत सोडतात, सेकंदाला हजार वेळा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक दोष असतात, आणि प्रत्येक दोषावर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. वरून एखादी होडी गेली की तिच्या आवाजानं पाणी थरथरतं, पाण्यानं काच ताणली जाते. किती? केसाच्या जाडीच्या लाखाव्या भागाइतकी. पण तेवढ्यानं माघारी येणारा प्रकाश बदलतो, आणि कुठल्या मीटरला बदलला तेही कळतं. ऐंशी किलोमीटरचा एक धागा म्हणजे ऐंशी हजार कान झाले.

आणि इंजिनाचा आवाज म्हणजे साधी गोष्ट नाही हो. सहा सिलिंडर असले तर सहाही किंचित वेगळे ठोके देतात. पंखा फिरवणारा दांडा जरासा वाकडा असतो. पाण्याखालच्या पंख्याच्या पात्यांना दगड लागून खाचा पडलेल्या असतात. हे सगळं मिळून जो आवाज होतो तो दुसऱ्या कुठल्या नौकेचा नसतो. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक नौकेचा आवाज एकदा नोंदवून ठेवायचा. नोंदीतला आवाज आला तर आपला माणूस, नाही आला तर धोका. कल्पना झकास होती. मला आजही ती झकासच वाटते.

मेख वेगळीच होती. प्रकाश वाचणारं यंत्र थोरल्यांचं. ऐकलेलं सगळं सरळ त्यांच्या देशात जायचं, तिथे त्याचा अर्थ लावला जायचा, आणि आपल्या हाती फक्त इशारे यायचे. अमुक जागी अनोळखी नौका, एवढंच. मूळ आवाज आपल्याला मिळणार नाही, आणि त्यांनी दिलेल्या ओळखीवर आपल्या कुठल्याही कोर्टात शंका घेता येणार नाही, हे करारातलं नववं कलम. समुद्र आमचा, चिखल आमचा, केबलला जाळी अडकून फाटली तर सोसायचं आमच्या लोकांनी, आणि ऐकायचं मात्र त्यांनी! तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्या तीन वर्षांत दोनदा त्या इशाऱ्यांनी मोठे घात टळले. त्यामुळे आम्ही सगळेच खूश होतो.

२०३९च्या मे महिन्यात मी नवापाजला नौकांचे आवाज नोंदवायला गेले. सुरुवात केली मामापासून. नंदकुमार डोर्लेकर, आख्ख्या गावाचा नंदामामा, पण माझा सख्खा. 'नवलाई' नावाची त्याची नौका. मामी लवकर गेली, त्यामुळे त्या घरात मामा आणि त्याची लेक रेवती, दोघंच.

"दहा मिनिटं इंजिन चालू ठेव मामा, एका जागी."

"जाळं न टाकता डिझेल जाळू? डोकं ठिकाणावर हाय ना तुझं, बाय?" असं म्हणाला, पण ठेवलं चालू. वर बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "आपल्या पोरीचं काम हाय रे, सगल्यांनी लाईन लावा!"

एकशे बारा नौका दोन दिवसांत नोंदवून झाल्या. माझ्या शब्दावर.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. जून-जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत इंजिनं खाली उतरतात. आमचा उस्मानभाई फिटर ती खोलतो, जुळवतो. कुणी आपलं जुनं इंजिन विकतो, कुणी भावाचं घेतो, साडूचं घेतो. तोंडी व्यवहार, कागद कुणी बदलत नाही. पण पंखा कधी विकत नाहीत. पंखा घरचा. बंदीत तो घरी आणून ठेवतात, नारळी पौर्णिमेला त्याला हळदकुंकू लावतात, आणि नवं इंजिन आलं तरी दांड्यावर चढतो तो घरचाच पंखा.

हे मी बैठकीत सांगितलं होतं. थोरल्यांचा इथला माणूस ग्रेग, आणि आमचे संचालक देवस्थळी साहेब, दोघंही होते. ग्रेग म्हणाला, आवाजाची नोंद एकदाच होईल, बोटाच्या ठशासारखी. मी म्हटलं, अहो, बोट माणसाला जन्मभर चिकटलेलं असतं, इंजिन नसतं. दरवर्षी नारळी पौर्णिमेनंतर नव्यानं नोंद घ्यायला लागेल. ग्रेग गोड हसला. देवस्थळींनी डोळ्यांनीच मला बस म्हणून सांगितलं. "वाघे मॅडम, त्यांना गावठी गोष्टी सांगून आपलं हसं करून घेऊ नका," असं नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाले. 'नोंद कायमस्वरूपी ग्राह्य' असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. ती सही माझीच आहे, मी नाकारत नाही.

२०४२च्या नोव्हेंबरात, दुपारी सव्वाचारला, शिरगण बंदरातल्या धक्क्यावर स्फोट झाला. एकोणीस माणसं गेली. त्यातला एक कौस्तुभ. क्रेन चालवायचा तो. रेवतीचा नवरा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

तिसऱ्या दिवशी थोरल्यांचं ओळख प्रमाणपत्र आलं. स्फोटाआधी तासभर, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, माल उतरवायला आलेली नौका: नवलाई, नवापाज. जुळणी एक्क्याण्णव टक्के.

मामाला जेटीवरच धरलं. जावयाच्या तिसऱ्या दिवसाचं करून तो नुकताच परतला होता. मासळीचा लिलाव चालू होता, सगळं गाव उभं होतं. चार खलाशांनी घसा फोडून सांगितलं की त्या दुपारी आम्ही चाळीस किलोमीटर लांब होतो. त्यांना उत्तर मिळालं, तुम्ही त्याचेच खलाशी. उस्मानभाईनं सांगितलं की नवलाईचं जुनं इंजिन गेल्या वर्षीच्या बंदीत उत्तरेकडच्या एका दलालाला विकलं, मी स्वतः उतरवलं. कागद? कागद नव्हता.

मी देवस्थळींच्या केबिनमध्ये घुसले. "साहेब, ते इंजिन मामाचं असेल, नौका मामाची नव्हे. म्हणून तर एक्क्याण्णव आलेत. उरलेले नऊ टक्के कुठे गेले? नवलाईचा पंखा तीन पात्यांचा आहे. त्या नौकेचा चार पात्यांचा असणार. मूळ आवाज मागवा, शाळेतलं पोरसुद्धा पाती मोजून देईल!"

"मूळ आवाज मिळत नाही. नववं कलम."

"माणूस फासावर जाईल साहेब!"

"तुमचे नातेवाईक आहेत ते, प्रांजल. तुम्ही यात बोलूच नये." त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली, आणि फाईल मिटली.

पण एक काम माझ्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. महिन्यातून एकदा थोरल्यांच्या खोलीत बसून दोन्हीकडचे आकडे जुळवायचे. त्यांनी किती नौका ऐकल्या, आम्हाला किती कळवल्या. स्फोटानंतर नवव्या दिवशी मी तिथे बसले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती नौका भर दुपारी केबलवरून गेली, बंदराच्या तोंडाशी तासभर थांबली, तर मग तेव्हा इशारा का आला नाही? नऊ दिवस मी मामाच्या मागे धावत होते, हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

मी ती दुपार उघडली. नौका ऐकली गेली होती. पुढच्या रकान्यात एकच शब्द होता, त्यांच्या भाषेत. आपल्या भाषेत त्याचा अर्थ 'शांत'. म्हणजे ऐकायचं, पण यजमान देशाला कळवायचं नाही. खाली यादी होती, सात नौकांची, नंबरांसकट. चौथा नंबर त्या नौकेचा. आणि शेरा होता: इंजिन बदललेलं, पंखा चार पात्यांचा.

त्यांना माहीत होतं! ती नवलाई नव्हे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

ग्रेग तिथेच बसला होता. माझी गुप्ततेची सही होती, त्यामुळे तो आडपडदा न ठेवता बोलला. इंग्रजीत बोलला, मी आपल्या भाषेत सांगते. "त्या नौकेवर आमचा एक माणूस आहे. त्याच्यामागून आम्ही फार मोठ्या लोकांपर्यंत पोचतोय. इशारा दिला असता तर तुमच्या गस्तीनं तिला धरलं असतं आणि चार वर्षांची मेहनत वाया गेली असती. माल त्या दिवशी उतरणार नव्हता, आमचा अंदाज चुकला. मला मनापासून वाईट वाटतं."

"आणि माझा मामा?"

"तुमच्या तपासाला एक नाव हवं होतं. नोंदवहीनं ते दिलं. आम्ही दुरुस्त केलं असतं तर आमचा माणूस उघडा पडला असता."

असं, चहात साखर किती विचारावी तसं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी देवस्थळींकडे गेले. त्यांना ती यादी ठाऊक होती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते नसते तर आपल्याला ही केबलसुद्धा मिळाली नसती. मोठ्यांच्या बरोबर चालायचं तर काही गोष्टींकडे कानाडोळा करावा लागतो."

एकोणीस माणसं साहेब. एकोणीस. आपल्या दारावर राखणीला बसवलेला माणूस चोराला आत सोडतो, का, तर त्याला त्याच्या गावातला दुसरा चोर शोधायचाय. आणि वर आपण त्याला म्हणायचं, उपकार झाले. हे मी त्यांना असंच्या असं सुनावलं. त्यांनी मला गुप्ततेच्या कायद्याची प्रत दिली आणि महिनाभराच्या रजेचा अर्ज पुढे सरकवला.

त्यानंतर मी रेवतीकडे गेले. घरात कौस्तुभचे बूट दाराशी तसेच होते. तिनं चहा टाकला. मी म्हटलं, "मामानं काही केलेलं नाही ग."

"मग यंत्र कशाला खोटं बोलेल, ताई? यंत्राचं बाबांशी काय वैर?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि यंत्र तर तुझंच आहे. तूच म्हणालेलीस, यात चूक होत नाही. लग्नाआधी त्यांचं आणि कौस्तुभचं जमत नव्हतं, हे आख्ख्या गावाला माहीत आहे."

सांगायचं होतं तेव्हाच. जिभेवर आलं होतं. पण माझी सही, माझी नोकरी, माझं घर, कायदा... मी मूग गिळून बसले आणि चहा संपवला. दहशतवाद्यांचं मला माहीत नाही, पण त्या दिवशी मी रेवतीचा बाप तिच्यापासून तोडला.

दहा महिने मामा तुरुंगात. मी खात्यात आतून अर्ज करत राहिले, टेबलाखालून, वरून, दबक्या आवाजात. मग सप्टेंबरात देवस्थळींनी मला बोलावलं. प्रकरण अंगाशी येईल असं कुणाला तरी वाटायला लागलं असावं. त्यांनी दोन कागद ठेवले. एक माझ्यासाठी: नोंदवही अद्ययावत न ठेवणं ही माझी वैयक्तिक तांत्रिक चूक. दुसरा मामासाठी: सुटकेबद्दल समाधानी आहे, कुणाविरुद्ध तक्रार नाही. तारखेला मी कोर्टात चूक वाचून दाखवायची, सरकारी वकील जामिनाला विरोध करणार नाहीत, महिन्याभरात खटला मागे.

"सगळ्यांचीच सोय होते," ते म्हणाले.

मी कागद घेऊन मामाला भेटायला गेले. जाळीपलीकडे तो बसला. इतका वाळलेला की शर्ट खांद्यावरून घसरत होता. मी सगळं समजावलं, फक्त शांत यादीचं सोडून. त्यानं कागद वाचायला सांगितला, नीट ऐकला.

"म्हणजे कोणीच काय नाय केलं. यंत्र चुकलं, असंच ना?"

"हो मामा. पण तू घरी येशील."

"घरी कुणाकडं?" तो म्हणाला. "मी असा सुटलो तर रेवती काय म्हणेल? भाची सरकारात हाय, वशिला लावला, सोडवलान बापाला. गावपन त्याच म्हणेल. तोंडावर नाय बोलणार, मागून बोलतील. बाय, मला जामीन नको. माझ्या पोरीला कळू दे की मी तिचं कुंकू पुसलं नाय. मग इथंच मेलो तरी चालेल."

मग जाळीला कपाळ टेकून त्यानं विचारलं, "तुला काय ठाऊक हाय ना? तुझ्या तोंडावर दिसतंय."

मी हो म्हणून मान हलवली. त्यानं पुढे विचारलं नाही. मला अडचणीत टाकायचं नव्हतं त्याला, अजूनही. मी बाहेर रस्त्यावर येऊन हमसून हमसून रडले.

तारीख ऑक्टोबरात होती. विशेष कोर्ट भरलं होतं. मेलेल्यांच्या नातेवाईकांना पुढच्या बाकांवर जागा होती, तिथे रेवती. मामा कठड्यात. देवस्थळी मागे, त्यांच्या शेजारी ग्रेग. न्यायाधीश बाईंनी मला वाचायला सांगितलं.

मी कागद घडी करून खाली ठेवला.

"माझी चूक आहे, पण ती ही नव्हे," मी म्हटलं. "नौका नवलाई नव्हती. हे त्यांना स्फोटाच्या आधीपासून माहीत होतं. त्यांनी ती येताना ऐकली आणि आपल्याला कळवली नाही, कारण तिच्यावर त्यांचा माणूस होता. अशा सात नौका आहेत. आजही आहेत. त्यांचे नंबर मी सांगते, लिहून घ्या."

आणि मी नंबर सांगायला सुरुवात केली. सरकारी वकील ओरडत उठले, नववं कलम, नववं कलम. कुणीतरी दार बंद करा म्हणालं. बाईंनी टाइप करणाऱ्याला थांबायला सांगेपर्यंत चार नंबर कागदावर आले होते. उरलेले तीन मी मोठ्यानं ओरडून सांगितले, पण त्या गोंधळात कुणी ऐकले की नाही कोण जाणे. बाईंनी माझं निवेदन ग्राह्य नाही म्हणून काढून टाकलं. असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दोन महिला पोलिसांनी माझे दंड धरले. रेवती उठून माझ्यासमोर आली. कुणी तिला अडवलं नाही.

"तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "स्फोटानंतर नवव्या दिवशी."

ती हिशेब करत होती हे मला दिसलं. "म्हणजे माझ्याकडे आलीस त्याच्या आधी."

"माझी सही होती रेवती, गुप्ततेची, मला..."

"बाबांची सतरा पत्रं आली, ताई. मी एकही उघडलं नाही. तशीच फाडली." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "ते परदेशी गप्प बसले त्यांच्या माणसासाठी. तू कुणासाठी बसलीस?"

मग ती वळली आणि कठड्याकडे गेली. मामानं कठड्यावरून हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर डोकं ठेवलं. शिपाई म्हणाला, चला बाई. ती हलली नाही. त्यानंतर मला बाहेर नेलं.

वकिलानं मागितलेला मामाचा जामीन तेव्हा फेटाळला, पुढची तारीख जानेवारीत आहे. ते चार नंबर मात्र वर्तमानपत्रांत आलेच. पंधरा दिवसांनी त्यातली एक नौका आपल्या लोकांनी अडवली. आत काय होतं ते सांगितलेलं नाही, पण जवळची तीन गावं दोन दिवस रिकामी केली होती. सरकारी पत्रकात या कामगिरीबद्दल मित्रराष्ट्राच्या मोलाच्या सहकार्याचे आभार मानलेत. ते मी आतल्या वाचनालयात वाचलं आणि इतकी हसले की पहारेकरीण धावत आली.

मी त्याच तुरुंगात आहे, भिंतीपलीकडच्या बायकांच्या बाजूला. भेटीचा वार दोन्हीकडे गुरुवार. रेवती दर गुरुवारी येते, एकही चुकवत नाही, असं पहारेकरीण सांगते. बापाच्या नावाची चिठ्ठी भरते, वीस मिनिटं बसते आणि जाते. माझ्या नावाची चिठ्ठी तिनं अजून भरलेली नाही.